विद्यार्थ्याच्या प्रबंधातला कालवा

संशोधन म्हटले की आपल्याकडे चटकन डोळ्यांपुढे येतात ती दप्तरे, रुमाल आणि कसर लागलेले कागद. राजवाड्यांच्या आणि १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या पुण्याईने या शब्दाला इतिहासाचा वास कायमचा चिकटला आहे, आणि त्याबद्दल आमची मुळीच तक्रार नाही. परंतु पूल बांधणाऱ्या, यंत्रे जुळविणाऱ्या, तारा ओढणाऱ्या माणसालाही संशोधन करावे लागते, आणि ते करण्याची विद्या त्याला कोणी तरी, केव्हा तरी शिकवावी लागते, हे मात्र आपल्या सहसा ध्यानात येत नाही. ती विद्या शिकवता येते का, आणि येत असल्यास कशी, हा आजचा विषय आहे. विषय रुक्ष वाटेल. पण त्याच्या पोटात एक सुरस हकीकत आहे, तेवढ्यासाठी श्रोत्यांनी थोडा धीर धरावा.

आधी थोडे आमच्याविषयी. आम्ही विद्यार्थी असताना लंबकाचा प्रयोग करून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढावयाचा असे. तो ९८१ यावयाचा हे प्रयोगशाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच सर्वांना पाठ! ज्याचा ९४० येई तो बिचारा आपले काही चुकले म्हणून ओशाळा होई आणि खाडाखोड करून ९७९ वर येऊन थांबे. बरोबर ९८१ लिहिणे धोक्याचे, कारण मग मास्तरांना संशय येतो, ही अक्कल वरच्या वर्गातल्या मुलांनी दिलेली असे. चित्रशाळेत तर काचेखाली दिवा लावून गेल्या वर्षीच्या नकाशावर कोरा कागद ठेवला की काम झाले. चार वर्षे आम्ही हातांनी पुष्कळ केले. पण ज्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नाही असा एक प्रश्नही आमच्या वाट्यास आला नाही. हात चालले, डोके जागच्या जागी राहिले.

अलीकडे याच दुखण्यावर ‘कृतिशील अध्ययन’ या नावाने औषध दिले जाते. विद्यार्थ्याने ऐकत बसू नये, करून पाहावे, प्रश्न स्वतः घ्यावा आणि तो तडीस न्यावा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेत मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ साली पदवीपूर्व विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या चालू संशोधनात हाताशी घेण्याची योजना सुरू केली. डेन्मार्कमधील ऑलबोर्ग येथे १९७४ साली निघालेल्या विद्यापीठाने तर सगळे शिक्षणच प्रश्नांभोवती उभारले. ही नावे आता जगभर घेतली जातात. पण गोष्ट त्याहून शंभर वर्षे जुनी आहे, आणि ती युरोप-अमेरिकेत नव्हे, तर आशियात, तोक्योमध्ये घडलेली आहे.

१८६३ साली जपानच्या चोशू संस्थानातून पाच तरुण चोरून इंग्लंडला पळाले. परवानगीवाचून देश सोडणाऱ्यास त्या काळी तेथे देहान्त शासन होते. त्या पाचांत पुढे पंतप्रधान झालेले इतो हिरोबुमी होते आणि यामाओ योझो नावाचे दुसरे एक गृहस्थ होते. यामाओ ग्लासगोला गेले. दिवसा जहाजाच्या कारखान्यात काम करावे आणि रात्री अँडरसन कॉलेजातील वर्ग गाठावेत, असा त्यांचा क्रम होता. राज्यक्रांती होऊन नवे सरकार आले तेव्हा हेच ‘पळपुटे’ त्या सरकारचे आधारस्तंभ झाले. १८७० मध्ये सार्वजनिक बांधकामाचे खाते निघाले, आणि रेल्वे, तार, दीपगृहे, खाणी यांसाठी भारी पगारावर विलायती लोक किती दिवस पोसावयाचे, या विवंचनेतून इंजिनियरिंग कॉलेजची कल्पना यामाओंनी पुढे आणली. कारखानेच नाहीत तेथे इंजिनियर हवेत कशाला, असा आक्षेप निघालाच. आधी माणसे तयार होऊ द्या, ती कारखाने काढतील, असा यामाओंच्या बाजूचा युक्तिवाद होता.

१८७२ साली इतो जपानी शिष्टमंडळाबरोबर ब्रिटनला आले असता या कॉलेजसाठी त्यांनी माणूस मागितला. ग्लासगोचे विख्यात प्राध्यापक रँकिन यांनी आपला एक विद्यार्थी सुचविला. त्याचे नाव हेन्री डायर. १८७३ च्या जून महिन्यात तो जपानच्या किनाऱ्यास लागला तेव्हा त्याचे वय अवघे २४ होते! आपल्याकडे या वयाच्या माणसाला आपण वर्गात हजेरी घेण्याचे काम देतो की नाही, शंकाच आहे.

डायरचे स्वतःचे शिक्षण कसे झाले हे पाहिले म्हणजे पुढच्या सगळ्याचा उलगडा होतो. तो कष्टकरी घरातला. ओतकाम आणि यंत्रकाम करणाऱ्या कारखान्यात त्याने उमेदवारी केली आणि रात्रीचे वर्ग गाठले, तेच अँडरसन कॉलेजातले, जेथे यामाओही बसत. पुढे शिष्यवृत्ती मिळवून तो विद्यापीठात रँकिनपाशी शिकला. त्या काळी इंग्लंडातील इंजिनियर मुख्यतः उमेदवारीतून तयार होत. नामांकित इंजिनियरकडे फी भरून राहावे, पाहावे, शिकावे. गणिताशी फारसे देणेघेणे नसे. फ्रान्स व जर्मनीमध्ये उलट रीत. तेथे गणित आणि शास्त्र उंच प्रतीचे, पण विद्यार्थी कारखान्यात उशिरा उतरे. डायरने दोन्ही घाट अंगावर काढले होते, आणि त्याच्या लेखी एका घाटाला दुसऱ्यावाचून अर्थ नव्हता. जपानकडे येताना बोटीवरच त्याने अभ्यासक्रम लिहून काढला आणि यामाओंनी तो आहे तसा मान्य केला. आपल्याकडील अभ्यासक्रम-समित्यांना ही हकीकत कोणी सांगू नये.

अभ्यासक्रम सहा वर्षांचा होता. पहिली दोन वर्षे सर्वस्वी कॉलेजात. पुढची दोन वर्षे, वर्षातले सहा महिने कॉलेजात आणि सहा महिने कामावर. शेवटची दोन वर्षे सर्वस्वी कामावर. स्थापत्य, यंत्र, तारविद्या, इमारतकला, रसायन, खाणी व धातू असे विभाग होते. यंत्रवाल्यांसाठी सरकारचा आकाबाने येथील कारखाना होता, बाकीच्यांसाठी रेल्वे, खाणी, तारखाते. नुसती परीक्षा उतरून सुटका नव्हती. प्रत्येकाने आपल्या विषयावर प्रबंध लिहिला पाहिजे, आणि तोही इंग्रजीत, कारण सगळे शिक्षणच इंग्रजीत होते. बहुतेक मुले सामुराई घराण्यांतली. ज्यांच्या बापांनी कमरेला तलवारी लावल्या त्या मुलांना हातात कानस घेऊन लोखंड घासावे लागले. सरकारी खर्चाने शिकणाऱ्यांवर पुढे सात वर्षे सरकारी नोकरीचे बंधन असे. याही गोष्टी विसरता कामा नयेत, कारण या शिक्षणाला सक्तीची एक बाजू होतीच.

पण कारखान्यात पाठविणे आणि संशोधन शिकविणे यांत अंतर आहे. मुकादमाच्या हाताखाली काम करणारा मुलगा मुकादमाइतका शहाणा होतो, त्यापलीकडे नाही. तोक्योत जे अधिक घडले ते गुरुजींमुळे घडले, आणि हे गुरुजी बहुतेक पंचविशीच्या आसपासचे होते. विल्यम एर्टन यांनी आधी हिंदुस्थानच्या तारखात्यात नोकरी केलेली; तारेत दोष कोठे आहे हे मैलोगणती अंतरावरून मोजून काढण्याची विद्या त्यांनी येथे वापरली होती. तोक्योत त्यांनी विद्युतशास्त्राची जी प्रयोगशाळा उभारली तिच्यात १८७५ पासून जॉन पेरी त्यांना मिळाले. हे दोघे स्वतः दिवसरात्र प्रयोग करीत, निबंधांमागून निबंध विलायतेस धाडीत, आणि विद्यार्थी त्यांच्याभोवती असत. विजेच्या अभ्यासाचे केंद्र जपानकडे सरकू लागले आहे, असे मॅक्सवेल यांनी अर्धवट थट्टेने म्हटल्याची आख्यायिका आहे. २५ मार्च १८७८ रोजी तोक्योच्या मध्यवर्ती तार कचेरीच्या समारंभासाठी कॉलेजच्या दिवाणखान्यात विजेचा दिवा लावावयाचा होता. एर्टन यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी विद्युत्घट मांडून तो लावला. लख्ख उजेड पडला आणि थोड्याच वेळात दिवा विझला! तरीही जपानात २५ मार्च हा दिवस अजून विजेचा दिवस म्हणून पाळतात. त्या विद्यार्थ्यांतले एक फुजिओका इचिसुके. त्यांनी पुढे १८९० साली विजेचे दिवे करणारी जी कंपनी काढण्यात पुढाकार घेतला तिच्यातूनच आजची तोशिबा आली. विझलेल्या दिव्याने शिक्षण झाले असे म्हणावयास हरकत नाही. आमच्या ९८१ ने झाले नाही.

दुसरे गुरुजी जॉन मिल्न. हे खाणी व भूगर्भ शिकवावयास १८७६ साली सैबेरियातून खुष्कीच्या मार्गाने आले. २२ फेब्रुवारी १८८० रोजी योकोहामाला भूकंपाचा जोरदार धक्का बसला आणि त्याच वर्षी मिल्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानची भूकंपशास्त्रीय सभा स्थापन केली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इंग्लंडातून आलेल्या पुस्तकांत भूकंपात इमारत कशी टिकते याचे उत्तर नव्हते, कारण इंग्लंडला त्याची गरजच पडली नव्हती. त्यामुळे गुरू आणि शिष्य एकाच अज्ञानात उभे होते. मिल्न यांनी गावोगावच्या कचेऱ्यांत पोस्टकार्डांचे गठ्ठे वाटून ठेवले. धक्का बसला की वेळ लिहून कार्ड टाकावे. त्या कार्डांवरून भूकंप कोठून निघतात याचा मागोवा घेता आला. भूकंपमापक यंत्रांतही मिल्न, यूइंग आणि ग्रे यांनी सारखी सुधारणा चालविली. पुढे २८ ऑक्टोबर १८९१ रोजी मिनो-ओवारी प्रांतांत महाभूकंप होऊन सात हजारांवर माणसे मेली, विलायती पद्धतीच्या विटांच्या इमारती ढासळल्या, नागारा नदीवरचा रेल्वेचा लोखंडी पूल कोसळला. उसनी विद्या किती पुरते याचा याहून कठोर निकाल कोणता असावयाचा?

आता मूळ हकीकतीकडे वळू. १८६९ च्या सुमारास बादशहाने तोक्योस बिऱ्हाड हलविले आणि क्योतो ही हजार वर्षांची राजधानी एकाएकी ओस पडू लागली. सरदार गेले, त्यांच्यामागून कारागीर गेले. १८८१ मध्ये कितागाकी कुनिमिची तेथे गव्हर्नर होऊन आले. शेजारी डोंगरापलीकडे बिवा हे विस्तीर्ण सरोवर आहे. त्याचे पाणी डोंगर फोडून शहरात आणावे, म्हणजे नावा चालतील, पाणचक्क्या फिरतील, शेती भिजेल, हा विचार क्योतोत पूर्वापार होता. पण डोंगर कोणी फोडावा?

त्याच वर्षी तोक्योच्या कॉलेजातील तानाबे साकुरो नावाचा विद्यार्थी कामावरच्या शिक्षणासाठी क्योतोस आला. वय विशीच्या आत. बाप लहानपणीच वारलेला. त्याने प्रबंधासाठी हाच कालवा घेतला. डोंगर पालथे घातले, पातळ्या मोजल्या, दगड तपासले. या खटाटोपात त्याच्या उजव्या हाताला इजा झाली आणि हात चालेना. तेव्हा प्रबंध त्याने डाव्या हाताने लिहिला, नकाशेही डाव्या हाताने काढले. काचेखाली दिवा लावणाऱ्यांना हे वाचून काय वाटत असेल ते आम्हांस चांगले ठाऊक आहे.

कॉलेजचे प्रमुख ओतोरी केइसुके यांनी गव्हर्नरांपाशी या मुलाचे नाव काढले. १८८३ मध्ये तानाबे पदवीधर झाला आणि लगोलग क्योतोच्या नोकरीत रुजू झाला. २१ वर्षांच्या पोराच्या हाती गव्हर्नरने शहराचे भवितव्य दिले! टीका झालीच. योहानिस दे राइके या जपानात नेमलेल्या अनुभवी डच इंजिनियरने योजनेवर आक्षेप घेतले. ते काही द्वेषाने बोलत नव्हते. मोठमोठी धरणे-बंधारे पाहिलेल्या माणसाने शंका काढू नयेत तर कोणी काढाव्यात? शिवाय खर्च वाढत वाढत साडेबारा लाख येनच्या आसपास गेला आणि नागरिकांवर खास पट्टी बसली. मंडळी खवळली.

१८८५ साली काम सुरू झाले. नागारा डोंगरातला पहिला बोगदा २,४३६ मीटर लांबीचा, त्या काळच्या जपानात सर्वांत लांब. दोन टोकांकडून खणत बसल्यास वर्षे लोटतील म्हणून मध्येच सुमारे ४७ मीटर खोल उभी विहीर पाडून तिच्या तळातून दोन्ही बाजूंस खणत जाण्याची युक्ती केली. विहिरीत पाणी फुटले, ते उपसता उपसता माणसे जेरीस आली. यंत्रसामग्री म्हणाल तर पाणी उपसण्याच्या पंपांपलीकडे फारशी नव्हती. टिकाव, फावडे, सुरुंग आणि तेलाचे दिवे. विटा विकत मिळण्यासारख्या नव्हत्या म्हणून त्यांचा कारखानाच काढला. आणि जाणती माणसे कोठून आणावयाची? तानाबे दिवसभर कामावर राही आणि रात्री हाताखालच्या लोकांना शिकवी. रात्री शिकलेले दुसऱ्या दिवशी त्यांनी बोगद्यात वापरावयाचे. ज्या रीतीने तो शिकला त्याच रीतीने तो शिकवू लागला, आणि हे त्याला कोणी सांगावे लागले नाही.

पण आमच्या मते खरे संशोधन याच्याही पुढे आहे. मूळ बेत पाणचक्क्यांचा होता. १८८८ मध्ये, कालवा अर्धा खणून झालेला असताना, तानाबे आणि ताकागी बुन्पेई हे दोघे अमेरिकेस गेले. होल्योकच्या पाणचक्क्या पाहिल्या, आणि कोलोराडोतील ॲस्पेन गावी चांदीच्या खाणीसाठी पाण्यावर वीज काढीत, तेही पाहिले. पाण्याच्या जोराने फिरणारे चाक जेथे पाणी तेथेच बसवावे लागते. वीज मात्र तारेने हवी तेथे नेता येते. परत येऊन तानाबेने आपला स्वतःचा प्रबंध खोडला. ज्या योजनेसाठी डाव्या हाताने लिहिले, ज्या योजनेवर गव्हर्नरांनी अब्रू पणास लावली, तिचा निम्मा हेतू चुकीच्या पायावर आहे असे सांगावयाचे आणि विजेचा आग्रह धरावयाचा, यास धैर्य लागते. ९४० चे ९७९ करण्याच्या अगदी उलट ही गोष्ट आहे. १८९० च्या एप्रिलमध्ये कालवा पुरा झाला, १८९१ मध्ये केआगे येथील वीजघर चालू झाले, आणि त्या विजेवर १८९५ मध्ये जपानातील पहिली विजेची ट्राम क्योतोच्या रस्त्यावर धावली. केआगेला पाण्याची पातळी ३६ मीटरांनी उतरते. तेथे नावा गाड्यावर चढवून रुळांवरून विजेने वरखाली करीत. (तानाबेचे लग्न १८९० मध्ये गव्हर्नर कितागाकींच्या मुलीशी झाले. ज्यांना हकीकतीचा शेवट गोड लागतो त्यांच्यासाठी एवढे सांगून ठेवतो.)

१८८३ हे साल आमच्या मनातून जात नाही. कारण त्याच साली येथे पुण्यात, संगमाजवळच्या कॉलेजातून एक तरुण मुंबई इलाख्यात पहिला येऊन एल. सी. ई. झाला: मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. तानाबेहून जेमतेम वर्षभराने मोठे. पुण्याचे हे कॉलेज तोक्योच्या आधीचे, १८५४ चे. पण ते निघाले सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी पुरविण्यासाठी. वरच्या जागांसाठी इंग्लंडात कूपर्स हिल येथे १८७१ मध्ये वेगळे कॉलेज काढण्यात आले, आणि त्याची दारे हिंदी विद्यार्थ्यांना जवळजवळ बंदच होती. एकाच ब्रिटनमधून एकाच दशकात तोक्योला डायर गेला आणि आपल्या वाट्याला कूपर्स हिलचे साहेब आले. जपान्यांनी माणूस स्वतः निवडला आणि पगार स्वतः दिला. आपल्यासाठी निवड दुसऱ्यांनी केली. बुद्धीचा येथे प्रश्नच नव्हता. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये खात्यात शिरले; खडकवासल्याच्या सांडव्यावरून पुराचे पाणी फुकट जाते हे पाहून त्यांनी आपोआप उघडझाप करणारे दरवाजे योजले आणि १९०३ मध्ये ते बसविले. म्हणजे पदवीनंतर वीस वर्षांनी. तानाबेला कॉलेजाने जे विसाव्या वर्षी दिले ते विश्वेश्वरय्यांनी चाळिशीनंतर स्वतःच्या हिमतीवर घेतले. १८९८ मध्ये ते स्वतः जपानला गेले, सुमारे तीन महिने राहिले, आणि पुढे जन्मभर उद्योग आणि शिक्षण यांविषयी बोलताना जपानचा दाखला देत राहिले. त्यांचे तिकडे कशावर लक्ष खिळले असेल याची कल्पना करणे आम्हांस अवघड जात नाही.

तोक्योचे कॉलेज म्हणजे रामराज्य होते असे मात्र कोणी समजू नये. १८७९ ते १८८५ पर्यंत पदवीधर झाले अवघे २११. एवढ्याशा माणसांवर एवढा खर्च! पहिल्या तुकडीतले २३, त्यांतल्या ११ जणांस पुढील शिक्षणासाठी ब्रिटनला धाडले. ताकामिने जोकिची त्यांतलेच, ज्यांचे नाव पुढे ॲड्रेनलिनमुळे जगाला कळले. विद्यार्थ्यांवर ओझे अतोनात असे, आणि परक्या भाषेचे ओझे वेगळेच. डायर १८८२ साली परतला. १८८६ मध्ये कॉलेज नव्या साम्राज्य विद्यापीठात विलीन झाले आणि कामावरच्या शिक्षणाचा काळ आखडला. एर्टन-पेरींनी मात्र ती रीत लंडनला नेली. १८८३ साली इमारत मिळालेल्या फिन्सबरी तंत्रविद्यालयात मुले थेट प्रयोगाच्या मेजाशी उभी राहून वीज शिकू लागली. जपानात तयार झालेली रीत विलायतेस आयात झाली, हे आपल्या पुस्तकांत सहसा सापडत नाही.

आणि ज्याची किंमत येनमध्ये मोजता येत नाही तेही सांगितले पाहिजे. कच्च्या हातांनी शिकत शिकत केलेल्या कामात चुका होतात, आणि बोगद्यातली चूक रबराने खोडता येत नाही. बिवा कालव्याच्या कामावर १७ माणसे दगावली. तानाबे पुढे प्रोफेसर झाला, होक्काइदोच्या रेल्वेची पाहणी करून आला, क्योतोच्या विद्यापीठात शिकवू लागला. १९०२ मध्ये त्याने स्वतःच्या पैशाने केआगेजवळ त्या १७ जणांचे स्मारक उभारले. १९१२ मध्ये दुसरा कालवा पुरा झाला. क्योतोच्या घराघरांत आजही पिण्याचे पाणी त्याच सरोवरातून येते.